एक अळी, अख्खी आळी!

अंगणातल्या सफरचंदाला कीड लागली, की घरचा माणूस धावत दुकानात जातो आणि विषाची बाटली घेऊन येतो. हिमाचल, काश्मीर आणि लडाखमधली घरं मात्र शंभर वर्षांच्या अनुभवाने शहाणी झाली आहेत. त्यांचा सल्ला एकच : आधी झाडाखाली वाका, मग बाटलीला हात लावा!

शिमल्याहून नारकंड्याचा रस्ता धरा आणि तिथून खाली ठाणेधार-कोटगढच्या बाजूला उतरा. डोंगराच्या कुशीत उतरत्या छपरांची घरं दिसू लागतात आणि घराला टेकूनच सफरचंदाची झाडं. आपल्याकडे परसात शेवगा किंवा पपई असते ना, तितक्या सहजपणे. महाराष्ट्रातून गेलेला पाहुणा हरखून जातो. लालबुंद फळं हाताच्या अंतरावर! फोटो काढता काढता त्याला खोडाच्या बेचक्यात पांढरंशुभ्र काहीतरी चिकटलेलं दिसतं. 'बर्फ का हो?' म्हणावं तर दिवस ऑगस्टचे. 'कापूस?' तर इथे कापूस कुठला!

घरातल्या बाईला विचारा. ती काही बोलणार नाही. पुढे होईल, त्या पांढऱ्या पुंजक्यावर अंगठा दाबेल आणि तुमच्यासमोर धरेल. अंगठा लालभडक! जणू रक्तच.

हा लोकरी मावा. सफरचंदाच्या झाडाचा जुना वैरी. अंगावर मेणाची लोकर पांघरून तो सालीतून रस पितो, फांद्यांना गाठी आणतो आणि त्याची निम्मी फौज जमिनीखाली मुळांवर बसलेली असते. वरची दिसते, खालची दिसत नाही. म्हणूनच झाड का वाळतंय, हे घरच्यांना कळेपर्यंत बराच उशीर होतो.

सफरचंद म्हटलं की आपल्याला बाजारातली पेटी आठवते. पण हे झाड मोठ्या बागांआधी पुष्कळदा घराशेजारी वाढलं. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हा फिलाडेल्फियाचा तरुण १९०४मध्ये भारतात आला, कोटगढच्या डोंगरात रमला आणि पुढे सत्यानंद स्टोक्स झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्याने तुरुंगवासही भोगला. अमेरिकेतून 'डेलिशस' जातीची रोपं आणून त्याने लावली आणि शेजाऱ्यांनाही दिली. त्या रोपांनी या भागाचं नशीब पालटलं. त्यापूर्वी, १८७०मध्ये, कुलू खोऱ्यातल्या बंद्रोल इथे कॅप्टन ली या इंग्रजाने बाग लावली होती. रोपं आली, फळं आली आणि हळूहळू त्यांच्यामागून त्यांचे वैरीही आले.

मोठ्या बागायतदाराकडे फवारणीचा पंप असतो, मजूर असतात, कृषी खात्याचं वेळापत्रक भिंतीवर टांगलेलं असतं. अंगणातल्या दोन झाडांना यातलं काही नसतं. बरं, त्या झाडाखाली मुलं खेळतात, गाय बांधलेली असते, दोरीवर कपडे वाळत असतात. तिथे विष फवारणं म्हणजे स्वयंपाकघरात फवारल्यासारखंच. आणि काहीच केलं नाही तर? तर त्या एका झाडावरची कीड शेजाऱ्याच्या बागेत जाते. तिथून पुढच्या. एका झाडावरची अळी अख्ख्या आळीला नडते!

अतिशयोक्ती वाटते? मग लडाखची गोष्ट ऐका.

एका पतंगाने अडवली वाट

लेह-कारगिलच्या गावांत घरोघरी जर्दाळू आणि सफरचंदाची झाडं आहेत. पण या भागात कॉडलिंग मॉथ नावाचा करड्या रंगाचा, जेमतेम नखाएवढा पतंग आहे. जगभरच्या सफरचंदवाल्यांची झोप उडवणारा. भारतात तो लडाखपुरताच सीमित राहिला आहे आणि तो खाली काश्मीर-हिमाचलच्या बागांत उतरू नये, म्हणून लडाखची ताजी फळं बाहेर न्यायला वर्षानुवर्षं बंदी होती. झाड दारात, फळ झाडावर, पण बाजार बंद! म्हणून जर्दाळू वाळवून विकायचे, सफरचंदं घरात खायची आणि उरलेली गुरांपुढे टाकायची. लडाखचे ताजे जर्दाळू दुबईच्या बाजारात पोचले, त्याला २०२१ साल उजाडावं लागलं.

हा पतंग स्वतः फळ खात नाही. त्याची मादी पानांवर आणि कोवळ्या फळांवर टाचणीच्या डोक्याएवढी चपटी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी बहुधा फळाच्या खालच्या खळग्यातून आत शिरते आणि थेट बियांपर्यंत बोगदा काढते. तिला गरापेक्षा बी प्रिय! पोट भरलं की ती बाहेर येते, खोडावरून सरपटत सालीच्या भेगेत शिरते, कोष विणते आणि हिवाळाभर तिथेच झोपते.

तिची हीच सवय आपल्या कामी येते. उन्हाळ्याच्या मध्यावर खोडाला, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, गोणपाटाचा किंवा खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा पट्टा घट्ट गुंडाळायचा. आयती ऊबदार जागा मिळाली म्हणून अळ्या त्यातच मुक्काम ठोकतात. फळं उतरली की पट्टा सोडायचा, पुठ्ठा असेल तर जाळायचा, गोणपाट असेल तर उकळत्या पाण्यात बुडवायचा. ना विष, ना पंप. पट्टा सोडायला विसरलात तर मात्र तुम्ही किड्यांसाठी धर्मशाळाच बांधली म्हणायची!

दुसरं काम त्याहून सोपं आणि त्याहून कंटाळवाणं. खाली गळून पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलायचं. फळ पडतं तेव्हा अळी पुष्कळदा अजून आतच असते. चार दिवस पडू दिलंत तर ती बाहेर पडून पुन्हा खोडाची वाट धरते. उचललेली फळं उकिरड्यावर टाकूनही उपयोग नाही. गुरांना घाला, नाहीतर बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. शाळेतून आलेल्या मुलांना हे काम द्या. दहा किडक्या फळांमागे एक गोळी, असा भाव ठरवलात तर अंगण आरशासारखं लख्ख राहील.

तिसरा उपाय जपानचा. तिथल्या आओमोरी प्रांतात सफरचंदाचं फळ लिंबाएवढं असतानाच त्याला कागदी पिशवी घालतात. सुरुवात झाली अळीपासून बचाव म्हणून, पुढे फळाला रंग छान चढतो म्हणून ती पद्धत टिकली. हजार झाडांच्या बागेत हे मजुरीला परवडणार नाही. पण अंगणातल्या झाडावरच्या शंभर-दीडशे फळांना दोन रविवारांत पिशव्या चढवता येतात. फळं उतरवायच्या दोन-तीन आठवडे आधी पिशवी काढायची, म्हणजे ऊन लागून फळ रंगतं.

लोकरी मावा आणि उसाची आठवण

आता पुन्हा त्या पांढऱ्या कापसाकडे. लोकरी मावा म्हटल्यावर सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांचे कान टवकारले असतील. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता उसाचे फड पांढरे पडले. तो मावा वेगळ्या जातीचा, पण दोघांचीही चाल सारखीच. फवारे मारून लोक थकले. अखेर त्याला आवर घातला तो मावा खाणाऱ्या मित्रकिडींनी. डिफा नावाची अळी आणि मायक्रोमस हे कीटक शेताशेतांत वाढवून सोडले गेले आणि उसाने श्वास घेतला.

सफरचंदाच्या लोकरी माव्याची गोष्ट याच वळणाची, फक्त सत्तर वर्षं आधीची. हा मावा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथे त्याचा एक शत्रू आहे : ॲफेलिनस माली नावाची, मिलिमीटरभर लांबीची काळी गांधीलमाशी. ती माव्याच्या पोटात एकेक अंडं घालते. अंड्यातली अळी माव्याला आतून पोखरते, माव्याची लोकर झडते आणि त्याची काळी, कडक पेटी उरते. पेटीला गोल भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर पडते आणि पुढचा मावा शोधू लागते. १९२०च्या दशकात न्यूझीलंडने तिला आणून सोडलं आणि १९३०च्या दशकात ती भारतातही आणली गेली. कुलूच्या खोऱ्यात ती रुजली ती कायमची.

म्हणून भिंग घेऊन त्या कापसाकडे नीट पाहा. त्यात भोकं पडलेल्या काळ्या पेट्या दिसल्या, तर समजा की तुमची फौज कामाला लागली आहे. अशा वेळी औषध मारणं म्हणजे आपल्याच पोलिसांवर गोळीबार करणं! नुसता मावाच दिसला तर जुना दात घासायचा ब्रश घ्या, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पुंजके घासून काढा. छाटणीच्या जखमा आणि सालीच्या चिरा या त्याच्या आवडीच्या जागा. तिथे आधी पाहा.

मुळांवरच्या माव्यापर्यंत मात्र ही गांधीलमाशी पोचत नाही. त्यावरचा उपाय झाड लावण्याआधीच करायचा असतो. 'नॉर्दर्न स्पाय' या जुन्या अमेरिकन जातीच्या मुळांना लोकरी मावा लागत नाही, हे लोकांच्या लक्षात आलं होतं. तिचा संकर करून इंग्लंडमधल्या मर्टन आणि ईस्ट मॉलिंग इथल्या शास्त्रज्ञांनी 'एम.एम.' मालिकेतले खुंट तयार केले. एम.एम. १०६ आणि एम.एम. १११ हे त्यातले आपल्याकडे रुळलेले. तेव्हा रोपवाटिकेत कलम घेताना फळाची जात विचारता, तसंच 'खुंट कुठला?' हेही विचारा. मुलगी बघताना घराणं विचारणारे आपण, झाडाच्या मुळाबद्दल मात्र गप्प बसतो!

राख उडाली की काय?

कधी कधी फांदीवर कुणी चुलीतली राख उडवल्यासारखी दिसते. बोट फिरवलं तर खरखरीत. नखाने खरवडलं तर खाली पिवळा ठिपका. ही सॅन होजे खवले कीड. कॅलिफोर्नियातल्या गावाचं नाव तिला मिळालं, कारण तिथे ती प्रथम लोकांच्या डोळ्यांत आली. मूळची ती पूर्व आशियातली. एकदा ढालीखाली बसली की मादी जागची हलत नाही, म्हणून नजरेत भरत नाही. फळांवर तिच्याभोवती लाल कडं उमटतं. फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात आणि घरचे म्हणतात, 'थंडीने मेली वाटतं!'

हिच्यावर उपाय वर्षातून एकदाच करायचा, पण अचूक वेळी. हिवाळा सरताना कळ्या फुगून टोकाशी हिरवी झाक दिसू लागली, की बागायतीसाठी मिळणारं खनिज तेल पाण्यात मिसळून फवारायचं. हिमाचलच्या बागांत प्रमाण ठरलेलं आहे : ४ लिटर तेल आणि १९६ लिटर पाणी. म्हणजे घरच्या झाडासाठी एक लिटर मिश्रणात २० मिलिलिटर तेल. तेलाचा पातळ थर ढालीवर बसतो आणि आतल्या किडीचा श्वास कोंडतो. यात विषाचा संबंध नाही. पण फवारा प्रत्येक फांदीच्या खालच्या बाजूलाही बसला पाहिजे, त्या दिवशी दहिवर किंवा पाऊस नको आणि आगेमागे गंधकाची फवारणी नको. नाहीतर किडीऐवजी झाडच भाजून निघेल.

रात्रीचे भुंगेरे, आतले पोखरणारे

पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि झाडावर तुटून पडतात. सकाळी पानांच्या नुसत्या शिरा उरतात. आपल्याकडे हुमणीचे भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, तेच हे कुळ. उपायही तोच. अंधार पडल्यावर झाडाखाली जुनी चादर पसरायची, फांद्या गदागदा हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकायचे. एका घराने केलं तर फायदा थोडा. सगळ्या आळीने एकाच आठवड्यात केलं तर पुढच्या वर्षीची हुमणी तितकीच कमी.

पावसाळ्याच्या तोंडावर मुळं पोखरणाऱ्या किड्याचे मोठे, लांब मिशांचे भुंगेही बाहेर पडतात. यांची अळी जमिनीत काही वर्षं राहून मुळं खाते आणि भलं मोठं झाड एका वादळात आडवं होतं. हे भुंगे दिव्यावर झेपावतात. म्हणून अंगणात दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं. हाच साधा प्रकाश सापळा.

खोडावर बारीक भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला, तर आत खोडकिडा आहे. भोक साफ करा, तार घालून अळी ओढता आली तर ओढा, नाहीतर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपून टाका. पेट्रोल हाताळताना जवळ विडी-काडी नको, हे सांगायला नकोच.

चोरांसाठी केलं, रोगावर फळलं

कीड म्हणजे फक्त सहा पायांचीच नव्हे. १९७३ साली काश्मीरमध्ये सफरचंदावर 'स्कॅब' या बुरशीची मोठी साथ आली. पानांवर काळपट मखमली डाग, फळांवर खरूज आणि भेगा. १९८३मध्ये हिमाचलची पाळी आली. डागाळलेली फळं सरकारला विकत घेऊन नष्ट करावी लागली. ही बुरशी हिवाळा काढते ती झाडाखाली गळलेल्या पानांत. म्हणजे पानं झाडून गोळा करून ती पुरली, की अर्धी लढाई जिंकली. पानगळीच्या थोडं आधी ५ टक्के युरियाचं पाणी पानांवर मारलं तर पानं लवकर कुजतात आणि बुरशीला आसरा उरत नाही.

बुरशीवरचं जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. कोकणातले सुपारीवाले आणि नाशिकचे द्राक्षवाले याला घरच्यासारखे ओळखतात. त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्यालगतची द्राक्षं वाटसरू तोडून खायचे. मळेवाल्यांनी वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं. हेतू हा, की लोकांना ते विष वाटावं. १८८२मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की रस्त्यालगतच्या त्या निळ्या वेलींवर केवडा रोग नाही, आतल्या वेलींवर मात्र आहे. तीन वर्षं प्रयोग करून १८८५मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीला भोवली!

घरी करायचं तर १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. दोन्ही द्रावणं एकत्र ओता. आता एक घासलेला चाकू त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला, तर चुना कमी पडला आहे. आणखी थोडा चुना घाला. हेच मिश्रण दहापट दाट केलं की मलम होतं. ते पावसाळ्याआधी खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत फासतात.

बाकी राहिले पंखवाले आणि शेपटीवाले. पोपटांच्या थव्याला फळ खायचं नसतं, चाखायचं असतं. एक टोच मारून पुढच्या फळावर! त्यासाठी बारीक विणीची जाळी, पण ताणून बांधलेली. ढिल्या जाळीत पक्षी अडकून मरतात. बर्फाच्या प्रदेशात उंदीर आणि घुशी बर्फाखालून खोडाची साल कुरतडतात. म्हणून बुंध्याभोवती तारेची जाळी, तळाशी थोडी जमिनीत गाडलेली. माकडांवर मात्र खात्रीचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. हिमाचलमधल्या माणसाला विचारा, तो फक्त कपाळाला हात लावेल. त्यातल्या त्यात, फळ तयार झालं की झाडावर मिरवत न ठेवता उतरवून घ्यायचं, हेच शहाणपण.

बाटलीचा मोह

एवढे कष्ट कशाला? एक फवारा मारला की सगळं साफ, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेलाही वाटलं होतं. १८९२मध्ये तिथे लेड आर्सेनेट, म्हणजे शिसं आणि सोमल यांचं संयुग, किडींवर वापरायला सुरुवात झाली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं कॉडलिंग मॉथसाठी सफरचंदाच्या बागा त्याने न्हाऊ घातल्या गेल्या. कीड हळूहळू सरावली, म्हणून मात्रा वाढवली. १९२०च्या दशकात ब्रिटनने अमेरिकन सफरचंदांवरच्या सोमलाबद्दल तक्रारी केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं, मग कीड त्यालाही सरावली. बागा तोडून तिथे घरं झाली, तरी जुन्या बागांच्या मातीत शिसं आणि सोमल आजही सापडतं.

दुसरा तोटा लगेच दिसत नाही. जहाल औषधाने अळी मरते, तसे ढालकिडे, कोळी खाणारे कोळी आणि त्या इवल्या गांधीलमाश्याही मरतात. मग पानांवर लाल कोळी माजतो. आधी जो कधी त्रासच देत नव्हता! त्यासाठी वेगळं औषध. म्हणजे एका बाटलीच्या मागे दुसरी.

आणि मधमाश्या? सफरचंदाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि ते आणते मधमाशी. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या माओशियन भागात १९९०च्या दशकात माणसं झाडांवर चढून पिसांच्या कुंच्यांनी सफरचंदाच्या फुलांना पराग लावत होती. बेसुमार फवारण्या हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणून नियम पक्का ठेवा : फुलं उमललेली असताना झाडाला कसलंही औषध लावायचं नाही.

राहता राहिला माणूस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात जावं लागलं. ती माणसं रोज फवारणी करणारी होती. मग लुंगी-बनियनवर, तोंडाला रुमाल न बांधता अंगणात फवारणाऱ्या हौशी माणसाचं काय? औषध मारावंच लागलं, तर ते कृषी अधिकाऱ्याला किडका नमुना दाखवून, त्याच किडीपुरतं घ्या. हातमोजे, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. फवारणीनंतर फळ किती दिवसांनी तोडायचं, ते बाटलीवर छापलेलं असतं. ती तारीख झाडालाच पाटी करून लटकवा. मुलं बाटली वाचत नाहीत, पाटी वाचतात. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवण्याचा गाढवपणा तर कधीच करू नका.

आता आपल्या अंगणातही!

'आम्हाला काय त्याचं? आमच्याकडे कुठे सफरचंद?' असं म्हणायचे दिवस सरले. हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यात, जेमतेम अठराशे फुटांवरच्या पनियाला गावात, हरिमन शर्मा यांच्या परसात टाकलेल्या बियांतून एक रोप उगवलं आणि उष्ण हवेत त्याला फळं धरली. तीच 'एचआरएमएन-९९' जात. कडक थंडीची तिला गरज नाही. २०२५ साली शर्मा यांना पद्मश्री मिळाली. परसातलं एक रोप राष्ट्रपती भवनापर्यंत पोचलं म्हणायचं! याशिवाय इस्रायलची 'ॲना' आहे. आपल्याकडे तिचं सर्रास 'अण्णा' झालं आहे. तिच्या परागासाठी बहामा बेटांवरची 'डॉर्सेट गोल्डन' सोबत लावतात. महाराष्ट्रातही हौशी मंडळींनी या जाती अंगणात लावल्या आहेत.

आपल्या हवेत फळ उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर तयार होतं, तेव्हा वैरीही इथलेच असतात. पिठ्या ढेकूण, साल खाणारी अळी, हुमणीचे भुंगेरे, बुलबुल, पोपट आणि आंब्या-पेरूला सतावणारी फळमाशी. पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी आणि ५ टक्के निंबोळी अर्क. साल खाणारी अळी भुशाच्या जाळीखाली लपते, ती जाळी खरवडायची. फळमाशीसाठी कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आहेच. आणि कागदी पिशवी इथेही तितकीच चालते.

वर्षाचं वेळापत्रक (डोंगराळ भागातल्या झाडासाठी)

डिसेंबर-जानेवारी : वाळक्या फांद्या छाटा. कोवळ्या फांद्यांवर अंगठीसारखी चिकटलेली अंड्यांची कडी दिसली, तर ती तंबू विणणाऱ्या अळीची. कापून जाळा.

फेब्रुवारी-मार्च : कळ्यांना हिरवी झाक दिसताच खनिज तेलाचा फवारा.

एप्रिल : फुलांचा काळ. औषधांना पूर्ण सुट्टी, मधमाश्यांना कामाचा हंगाम. पुढे फांद्यांच्या बेचक्यात जाळ्याचे तंबू दिसले तर दिवसा काढा. अळ्या तेव्हा आतच विश्रांती घेत असतात.

मे-जून : फळांची विरळणी. चिकटून लटकलेल्या दोन फळांमध्ये अळी निवांत लपते. पिशव्या आणि जाळी चढवा, खोडाला बोर्डो मलम लावा.

जुलै-ऑगस्ट : गळलेली फळं रोज उचला. संध्याकाळी भुंगेरे गोळा करा. लडाखमध्ये खोडाला पट्टा बांधा.

सप्टेंबर-नोव्हेंबर : फळं उतरवा, पट्टा सोडून जाळा, पानं झाडून पुरा.

या यादीतली बहुतेक कामं हातांची आहेत, बाटलीची नाहीत. आठवड्यातून एकदा, सकाळचा चहा संपवून, पाच मिनिटं झाडाभोवती फिरायचं. पान उलटं करून बघायचं, सालीवरून बोट फिरवायचं, खाली पडलेलं फळ उचलायचं. कीड बेताची असते तेव्हा तिला ही पाच मिनिटं पुरतात. माजल्यावर पाच बाटल्याही पुरत नाहीत.

आणि एखाद्या फळात तरीही अळी निघालीच, तर? तेवढा भाग कापून टाका आणि उरलेलं फळ खुशाल खा. झाड तुमचं असलं तरी त्यावर चार पाहुणे येणारच. फक्त तुमच्याकडचा पाहुणा शेजारच्या घरी मुक्कामाला जाणार नाही, एवढं बघा. अळी एकाच्या झाडावर येते, पण निस्तरावं लागतं अख्ख्या आळीला!